इवल्या आरशांची बिजागरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कापडाच्या दुकानात ठाणातून दोन मीटर मांजरपाट देताना दुकानदार काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तो कापड मोजतो, काठाला कात्रीने बारीकशी खाच देतो, कात्री बाजूला ठेवतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. तेच कापड खाच न देता फाडून दाखवा म्हटलं, तर त्याला घाम फुटेल. कापड तेच, हात तेच, जोरही तेवढाच. मग त्या खाचेनं असं काय केलं? आधी तो जोर काठाजवळच्या पुष्कळ धाग्यांमध्ये वाटला जात होता. खाच दिल्यावर तो सगळा खाचेच्या टोकाशी असलेल्या एका धाग्यावर येऊन पडला. तो तुटला की पुढच्यावर, तो तुटला की त्याच्याही पुढच्यावर. एवढी गोष्ट लक्षात ठेवली, तर आज मी जे सांगणार आहे, त्यातला निम्मा भाग तुम्हाला आधीच कळला असं समजा.

विषय आहे आरशांचा. पण घरातल्या नव्हे. मोहरीच्या दाण्याएवढा, सुमारे एक मिलिमीटर व्यासाचा आरसा डोळ्यांसमोर आणा. असे आरसे तळहातावर मावणाऱ्या लेसर प्रोजेक्टरमध्ये असतात, रस्त्यावरची अंतरं मोजणाऱ्या मोटारींच्या काही लेसर यंत्रांमध्ये असतात. 2019 साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स 2 या चष्म्यात डोळ्यांपुढे चित्र उमटवायलाही असेच आरसे वापरले होते. काम सोपं आहे. आरशावर लेसरचा एक किरण पडतो, आरसा डावी-उजवीकडे डोलतो आणि त्या डोलण्याबरोबर किरण भिंतीवर आडवी रेघ ओढतो. दुसरी, संथ हालचाल ती रेघ वरून खाली सरकवत नेते. रेघा इतक्या भरभर ओढल्या जातात, की आपल्या डोळ्यांना रेघ दिसतच नाही, सलग चित्र दिसतं.

आता ‘भरभर’ म्हणजे किती, ते बघू. चित्रात 720 रेघा आहेत आणि सेकंदाला 60 चित्रं दाखवायची आहेत असं धरलं, तर सेकंदाला 43,200 रेघा झाल्या. जाताना एक आणि येताना एक, अशा एका हेलकाव्यात दोन रेघा निघतात. म्हणजे सेकंदाला 21,600 हेलकावे. प्रत्यक्षात दोन्ही कडांना आरसा वळतो, तिथला वेळ वाया जातो, म्हणून वेग याहून वाढवावा लागतो. पण आपण हाच आकडा धरू. माणसाचं हृदय मिनिटाला 72 ठोक्यांच्या हिशोबानं सत्तर वर्षांत सुमारे 265 कोटी वेळा धडधडतं. आपला हा आरसा तेवढे हेलकावे चौतीस तासांत पुरे करतो. दीड दिवसात एक आयुष्य!

हा आरसा कशावर डोलतो? बिजागरीवर म्हणावं, तर त्याला बिजागरी नसते. दाराच्या बिजागरीत खिळा असतो, खिळ्याभोवती नळी असते, दोन्हींमध्ये घर्षण असतं आणि कुरकुर वाढली की आपण तेलाचे दोन थेंब सोडतो. मिलिमीटरच्या जगात हे चालत नाही. तिथे वजन इतकं नगण्य असतं आणि पृष्ठभागांचं एकमेकांना चिकटणं इतकं जबर, की तेलाचा सूक्ष्म थेंबही आरशाला जागच्या जागी खिळवून ठेवील. म्हणून एक निराळी युक्ती केलेली असते. आरसा, त्याच्या दोन बाजूंना निघालेल्या दोन बारीक पट्ट्या आणि त्या पट्ट्यांना धरणारी चौकट, हे सगळं सिलिकॉनच्या एकाच तुकड्यातून कोरून काढतात. आरसा कलतो तेव्हा पट्ट्यांना पीळ बसतो. सोडला, की पीळ उलगडतो आणि आरसा परत येतो. ना खिळा, ना तेल, ना झीज. झोपाळ्याला जसा त्याच्या लयीत हलकासा धक्का पुरतो, तसा या आरशालाही त्याच्या स्वतःच्या लयीत विजेचा हलकासा धक्का पुरतो.

सारा भार मग त्या दोन पट्ट्यांवर येतो. आरसा गुळगुळीत करणं, त्यावर चकचकीत धातूचा थर चढवणं ही कामंही नाजूक आहेत, पण तिथे आरसा मोडत नाही. मोडतो तो पट्टीत. आणि पट्टीतही बहुधा तिच्या मुळाशी, म्हणजे जिथे ती चौकटीला किंवा आरशाला मिळते तिथे.

हे मुळाशी मोडणं मला फार लवकर शिकायला मिळालं. शिक्षण संपवून पहिल्या नोकरीत रुजू झालो होतो. एका शाफ्टचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. जाड भागाला लागून बारीक भाग, मध्ये पायरी. लेथवरच्या टर्नरमामांनी कागद बघून विचारलं, ‘‘साहेब, कोपऱ्यात रेडियस किती ठेवायची?’’ मला प्रश्नच कळला नव्हता, पण ते कबूल कसं करणार? मी म्हणालो, ‘‘नको, कोपरा सरळ ठेवा. नीट दिसतो.’’ ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात शाफ्ट बरोबर त्या कोपऱ्यात तुटला. फोरमननं तुटका तुकडा माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडावर ओहोटीच्या वाळूत उमटतात तशा वळणदार रेषा होत्या आणि त्या सगळ्या कोपऱ्यातल्या एका बिंदूपासून निघाल्या होत्या. ‘‘हा आज तुटला नाही, रोज थोडा थोडा तुटत होता,’’ एवढंच ते म्हणाले. तो तुकडा पुढे कितीतरी वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबायला होता.

नंतर वाचनात आलं, की ही चूक करणारा मी काही पहिला नव्हतो. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर विल्यम रँकिन या विशीतल्या स्कॉटिश अभियंत्यानं मोडलेल्या आसांचा अभ्यास केला. आस जिथे एकदम बारीक होतो, त्या कोपऱ्यात चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकते, हे त्यानं दाखवलं. उपाय म्हणून त्यानं सांगितलं, की कोपऱ्याला गोलाई द्या. टर्नरमामांचा प्रश्न दीडशे वर्षं जुना होता तर!

इथे शब्दाचा एक खुलासा करतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘स्ट्रेस’ला प्रतिबल म्हणतात. कारखान्यात हा शब्द मी कधी ऐकला नाही. मी आपला साधा ‘ताण’ हाच शब्द वापरतो. पदार्थाच्या एखाद्या ठिकाणी, तेवढ्याशा क्षेत्रफळावर किती जोर पडतो, ते म्हणजे ताण.

मोहरीएवढ्या आरशाच्या पट्टीत हा ताण किती असावा? समजा, पट्टी चौकोनी आहे, प्रत्येक बाजू 40 मायक्रॉन आणि लांबी 400 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आरसा मधल्या जागेपासून दोन्हीकडे दहा-दहा अंश कलतो. हिशोब केला, तर पट्टीच्या पृष्ठभागावर सुमारे 80 कोटी पास्कल ताण येतो. पास्कल हे ताण मोजायचं एकक. नुसत्या आकड्यावरून कल्पना यायची नाही, म्हणून तुलना देतो. इमारतीच्या सांगाड्यात वापरतात ते साधं पोलाद ओढलं, तर 25 कोटी पास्कलच्या आसपास ते कायमचं लांबायला लागतं. म्हणजे ज्या ताणानं तुळईचं काम संपावं, त्याच्या तिप्पट ताण ही केसाहून बारीक पट्टी सेकंदाला हजारो वेळा झेलते. आणि हा ताण पट्टीच्या मधल्या भागातला झाला. मुळाशी कोपरा काटकोनात ठेवला, तर तिथे तो आणखी कितीतरी वाढतो.

मग पट्टी लांब का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. रुमाल पिळताना बोटं जवळजवळ धरली, तर लगेच जोर लागतो; लांब टॉवेलला तेवढाच पीळ सहज बसतो. लांबी वाढवली की ताण कमी होतो, हे खरं. पण पट्टी सैलही पडते, आणि सैल पडली की आरशाची लय मंदावते. 21,600 ची लय राहत नाही. लय टिकवायची, तर लांबीबरोबर जाडीही वाढवावी लागते. आता गणित असं आहे, की लांबी दुप्पट केली आणि चौकोनाची बाजू साधारण 19 टक्क्यांनी वाढवली, तर पिळाची ताकद जशीच्या तशी राहते आणि ताण मात्र सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. ऐकायला फायद्याचा सौदा वाटतो ना? पण लांब पट्टीला आणखी एक खोड असते. ती पिळात जेवढी ताठ होती तेवढीच राहते, पण वर-खाली वाकण्याच्या बाबतीत तिचा ताठरपणा चौथ्या हिश्शावर येतो. आरसा डोलता डोलता वर-खाली हिंदकळू लागतो. उपकरण टेबलावरून खाली पडलं, तर तो दणकन खालच्या तळाला आपटतो. म्हणजे एका संकटातून सुटताना आपण दुसऱ्याच्या तोंडी गेलो. पट्टीची लांबी ठरवणं म्हणजे या दोन भीतींमधली तडजोड असते, आणि ती तडजोड प्रत्येक आरशासाठी नव्यानं करावी लागते.

एवढा ताण सोसायला सिलिकॉनच का निवडलं? 1980 च्या सुमारास कर्ट पीटरसन हे अमेरिकेतले अभियंते आयबीएम कंपनीत होते. पिळाच्या पट्ट्यांवर डोलणारा सिलिकॉनचा आरसा त्यांनी 1980 मध्ये जगापुढे मांडला. 1982 साली त्यांनी एक लांबलचक लेख लिहून असं सांगितलं, की संगणकाच्या चिपमध्ये विजेचा खेळ करणारं हे सिलिकॉन यंत्राचा सुटा भाग म्हणूनही उत्तम आहे. तोवर सिलिकॉनची ख्याती ठिसूळ पदार्थ म्हणून होती. सिलिकॉनच्या चकत्या, ज्यांना वेफर म्हणतात, त्या हातातून पडल्या की बटाट्याच्या वेफरसारख्याच तुटतात. पण निर्दोष सिलिकॉनचा बारीक भाग पोलादालाही लाजवील एवढा ताण घेतो. शिवाय नेहमीच्या तापमानाला तो धातूसारखा कायमचा वाकत नाही. एक तर पूर्ण पूर्वपदावर येतो, नाही तर तुटतो. मधली अवस्था नाही. एखाद्या मानी माणसासारखा स्वभाव म्हणा.

‘निर्दोष’ हा शब्द मात्र कळीचा आहे. काच आणि सिलिकॉन यांसारख्या पदार्थांची ताकद त्यांच्या आत नसते. त्यांच्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यांवर ती ठरते. इंग्लंडमधल्या ॲलन ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काचेचे बारीक धागे तोडून तोडून हे सिद्ध केलं. धागा जितका बारीक आणि ताजा, तितका तो बळकट, कारण ओरखड्याला तिथे जागाच कमी. पुन्हा तीच मांजरपाटातली खाच. फरक इतकाच, की ही खाच डोळ्यांना दिसत नाही.

आणि गंमत बघा, पट्टी कोरण्याच्या रीतीतच या खाचा तयार होतात. सिलिकॉनमध्ये खोल आणि उभा चर पाडायची जी पद्धत आज सगळीकडे रूढ आहे, ती जर्मनीतल्या बॉश कंपनीत फ्रांझ लेर्मर आणि अँड्रिया शिल्प यांनी 1990 च्या दशकात तयार केली. एक वायू थोडं कोरतो, मग दुसरा वायू भिंतींवर प्लॅस्टिकसारखा पातळ थर चढवतो म्हणजे भिंती खाल्ल्या जाऊ नयेत. मग पुन्हा कोरणं, पुन्हा थर. असं शेकडो वेळा. त्यामुळे भिंत दुरून उभी दिसली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा आडव्या पन्हळी दिसतात. दोन पन्हळींच्या मधली धार म्हणजे एकेक खाच!

यात दैवानं आणखी एक मेख मारून ठेवली आहे. चौकोनी पट्टी पिळली, की सगळ्यांत जास्त ताण तिच्या धारेवर येत असेल असं कुणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सेंट-वेनां या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं, की तसं नाही. धारेवर ताण जवळपास शून्य असतो आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे नेमक्या ज्या भिंतीवर पन्हळी आहेत, तिच्या मधोमध. म्हणून कोरून झाल्यावर त्या भिंती गुळगुळीत कराव्या लागतात. एक रीत अशी, की ऑक्सिजनमध्ये तापवून सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर चढू द्यायचा आणि तो आम्लात विरघळवून टाकायचा; त्याबरोबर उंचवटेही जातात. दुसरी रीत हायड्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवण्याची. सिलिकॉन या तापमानाला वितळत नाही, ते 1414 अंशांना वितळतं. पण पृष्ठभागावरचे अणू जागा सोडून सरकू लागतात आणि उंचवटे खळग्यांत बसतात. थिजलेल्या तुपाला जरा ऊब लागली, की चमच्याचे ओरखडे आपोआप मिटतात, तसंच काहीसं.

राहिला मुळाशी असलेला कोपरा. वरून बघताना दिसणाऱ्या कोपऱ्यांना गोलाई देणं अवघड नाही. सिलिकॉनवर नकाशा छापायचा असतो, त्या नकाशातच कोपरा वळणदार काढायचा. अनुभवानं असं दिसतं, की वर्तुळाच्या तुकड्यापेक्षा हळूहळू रुंदावत जाणारं लंबगोल वळण बरं. सागवानाचं खोड मुळांशी जसं पसरत जातं, तसं. मात्र वळण फार मोठं केलं, तर पट्टीची पिळली जाणारी लांबी घटते आणि ताण पुन्हा वाढतो. खरी पंचाईत वरून न दिसणाऱ्या कोपऱ्यांची आहे. नकाशा सपाट असतो. तिसरी मिती त्यात काढता येत नाही, ती कोरण्याच्या प्रक्रियेतून आपोआप येते. जुन्या पद्धतीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून सिलिकॉन कोरत. त्यात स्फटिकाच्या रचनेप्रमाणे बरोबर 54.7 अंशांची उतरण तयार होते आणि तिचा कोपरा सुरीसारखा धारदार निघतो. तिथे आराखडा काढणाऱ्याचं काही चालत नाही. म्हणून या क्षेत्रात आराखडा करणारा आणि भट्टीवर काम करणारा यांची बैठक एका टेबलावर असावी लागते. नसली, की माझ्या शाफ्टची गोष्ट पुन्हा घडते.

काही जण पट्टी आरशाला एकाच ठिकाणी जोडत नाहीत. आरशाजवळ आल्यावर पट्टीला दोन किंवा चार फाटे फोडतात. वडाच्या फांदीला एका जागी भार पडू नये म्हणून पारंब्या टेकू देतात, तोच विचार. यात ताण वाटला जातो हा एक फायदा, आणि आरसा सपाट राहतो हा दुसरा. कारण एवढ्या वेगानं डोलणारा आरसा स्वतःच्याच जडत्वानं किंचित वाकतो, आणि वाकडा आरसा किरण पसरवतो.

सिलिकॉनचा दोष तुटण्याचा, तर धातूचा दोष वेगळाच. त्याची गोष्ट सिनेमाच्या पडद्याशी जोडलेली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली एक चिप शोधून काढली. तिच्यावर ॲल्युमिनियमचे सूक्ष्म आरसे फरशीसारखे बसवलेले असतात. पुढे चित्रपटगृहांसाठी जी चिप आली, तिच्यात 2048 गुणिले 1080, म्हणजे 22 लाखांहून अधिक आरसे होते. प्रत्येक आरसा पडद्यावरच्या एका ठिपक्याचा धनी. हा आरसा लयीत डोलत नाही, एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला टपकन कलतो. एकीकडे कलला की उजेड पडद्यावर, दुसरीकडे कलला की अंधार. जून 1999 मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला चित्रपट अमेरिकेत या तंत्रानं रिळाशिवाय दाखवला गेला. 2015 साली हॉर्नबेक यांना या शोधासाठी ऑस्करची बाहुली मिळाली. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या थिएटरातून रिळांचे डबे गेले आणि डिजिटल प्रोजेक्टर आले, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात हीच चिप आहे.

या आरशाची पट्टी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिची जाडी आपल्या केसाच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतकी. जाणत्या लोकांनी सुरुवातीलाच मान हलवली होती: तार इकडून तिकडे वाकवत राहिलं, की ती तुटते, ही पट्टी किती दिवस टिकणार? धातूच्या थकव्याची ही शंका अगदी योग्य होती. पण चाचण्यांत आरसे एक लाख कोटी वेळा, म्हणजे एकावर बारा शून्यं इतक्या वेळा, हलवूनही पट्ट्या थकून तुटल्या नाहीत. याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं, की जाड तारेत धातूच्या आतले दोष साचत जाऊन चीर पडते. इथे पट्टी इतकी पातळ, की दोष साचायच्या आधीच पृष्ठभागाशी येऊन नाहीसे होतात. पातळपणा हाच तिचा बचाव ठरला.

संकट आलं ते दुसऱ्याच दारानं. आरसा बराच काळ एकाच बाजूला जास्त कललेला राहिला आणि चिप तापलेली असली, की पट्टीत त्या बाजूचा पीळ मुरायचा. वीज बंद केली, तरी आरसा पूर्ण सरळ व्हायचा नाही, थोडा कललेलाच राहायचा. असा मुरलेला पीळ वाढत गेला, की एके दिवशी आरसा दुसऱ्या बाजूला जायचंच नाकारायचा आणि पडद्यावर एक ठिपका कायमचा पांढरा नाही तर काळा राहायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसांसाठी वापरतो. टेक्सासच्या अभियंत्यांनी याला ‘बिजागरीची आठवण’ असं नाव दिलं. मला आपली म्हण अधिक चपखल वाटते. उपाय दोन झाले. एक, न मुरणारा नवा मिश्रधातू शोधला. दुसरा उपाय थंडाव्याचा, कारण उष्णता हा या दुखण्याचा मोठा मित्र. शाळेत किंवा कार्यालयात अशा चिपचा प्रोजेक्टर असेल, तर त्याच्या हवेच्या जाळीवरची धूळ झटका आणि जाळीला लागून वह्यांचा गठ्ठा ठेवू नका.

आता पुन्हा सिलिकॉनच्या आरशाकडे. समजा, पट्टी नीट बेतली, कोपरे गोल केले, भिंती घासूनपुसून घेतल्या. तरी आरसा कुठेतरी चिकटवायचा असतोच ना? इथे ताण बाहेरून येतो. एक सेंटिमीटर लांबीचं सिलिकॉन शंभर अंशांनी तापवलं, तर ते 2.6 मायक्रॉन लांबतं. तेवढंच ॲल्युमिनियम 23 मायक्रॉन. गोंद गरम असताना घट्ट होतो आणि थंड होताना खालचा तळ वेगळा आकसतो, सिलिकॉन वेगळं. हा ओढा चौकटीतून थेट पट्टीपर्यंत पोचतो. 400 मायक्रॉनची पट्टी अर्ध्या मायक्रॉनहून कमी, 0.4 मायक्रॉन ताणली गेली, तरी तिच्यात सुमारे 15 कोटी पास्कलची भर पडते, आणि तीही आरसा हलायच्या आधीच. शिवाय तंबोऱ्याची खुंटी पिळली, की तार वर चढते, तशी ताणलेल्या पट्टीवरच्या आरशाची लयही बदलते. धक्के देणारं मंडल जुन्या लयीत धक्के देत राहिलं, तर आरसा पुरेसा डोलतच नाही आणि चित्र दोन्ही बाजूंनी आखडतं.

यावरचा उपाय रेल्वेवाल्यांना आणि पूल बांधणाऱ्यांना जुनाच ठाऊक आहे. रुळांच्या सांध्यात फट ठेवतात, पुलाचं एक टोक रुळांवर सरकतं ठेवतात. त्याचप्रमाणे इथे पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये सिलिकॉनचीच एक नागमोडी घडी कोरतात. चौकट आकसली, तर ती घडी मिटते, उघडते. पट्टीला ओढा कळत नाही. किंवा सबंध चिप चारही कडांनी न चिकटवता एकाच बाजूनं चिकटवतात. पण घडी फार मऊ झाली, की आरसा नको त्या दिशेला डुलू लागतो. म्हणजे इथेही तडजोड आलीच.

एवढा आटापिटा एका ठिपक्याएवढ्या आरशासाठी कशाला, असं कुणी म्हणेल. लेसरचा किरण भिंतीवर सारखा फिरत असतो, तोवर डोळ्यावर त्याचा उजेड क्षणभरच पडतो. पट्टी तुटून आरसा थांबला, तर तोच किरण एका जागी उभा राहतो, आणि समोर एखाद्या लहान मुलाचा डोळा असू शकतो. म्हणून या यंत्रांत आरसा थांबल्याचं कळताक्षणी लेसर बंद करणारी सोय असते.

पण ते झालं तुटल्यानंतरचं. तुटण्याआधी कळावं म्हणून कारखान्यात आरशांच्या परीक्षा घेतात. स्वीडनचे वॅलोडी वाइबुल यांनी विसाव्या शतकात ठिसूळ पदार्थांच्या ताकदीचं जे गणित मांडलं, ते इथे उपयोगी पडतं. अशा पदार्थाला एकच एक ताकद नसते. एकाच वेफरमधून निघालेल्या शंभर पट्ट्या शंभर वेगवेगळ्या ताणांना तुटतात, ज्याचा त्याचा ओरखडा ठरवील त्याप्रमाणे. म्हणून ‘ही पट्टी किती ताण घेईल’ असं न विचारता ‘लाखात किती पट्ट्या या ताणाला तुटतील’ असं विचारतात. आरसे गरम आणि दमट पेटीत ठेवून नेहमीपेक्षा जास्त कोनात दिवसेंदिवस डोलवतात. दमट अशासाठी, की दमट हवेत वारंवार ताण दिल्यावर सिलिकॉनच्या अतिपातळ भागांत उशिरानं तडे गेल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. ते नेमकं का होतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

आणि त्या पेटीतला आरसा तुटण्याच्या वाटेवर आहे, हे ओळखतात त्याच्या लयीवरून. पट्टीत चीर पडू लागली, की ती जराशी सैल होते आणि लय किंचित उतरते. 21,600 मधले काही थोडे हेलकावे कमी होतात. डोळ्यांना काही दिसत नसतं, आरसा झोकात डोलत असतो, पण मोजणारा आकडा खाली सरकलेला असतो. कुंभाराकडे मडकं घ्यायला गेल्यावर आपली आजी आधी त्याला टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायची. आवाज खणखणीत आला तर घ्यायची, बद्द आला तर काही न बोलता खाली ठेवून दुसरं उचलायची.